एक 'टक्' आणि बाबांची जीप

'टक्.'

पसरणीच्या घाटात पहिल्या गिअरवरून दुसरा टाकला की हा आवाज यायचा. कुणीतरी गाडीखाली बसून छोट्या हातोडीने एकदाच ठोकावं, तसा. मग गाडी आपली गुपचूप चालायची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पुन्हा 'टक्'. पाय दाबला की 'टक्'. मागे डबा मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली, "अगं, हे काय वाजतंय?" आणि मी, वय वर्षं अठ्ठावीस, मास कॉमची डिग्री, गाड्यांबद्दलचं ज्ञान म्हणजे पेट्रोल कुठून भरतात इतपत, अत्यंत कॉन्फिडन्सने उत्तर दिलं, "काही नाही गं. जुनी गाडी आहे."

जुनी गाडी आहे! हे उत्तर आपण कशालाही देतो, नाही का? लॅपटॉप हँग होतो? जुना आहे. कंबर धरली? वय झालं. हे उत्तर दिलं की पुढे काही करायची गरजच उरत नाही.

बाबा मात्र शेजारच्या सीटवर गप्प बसून होते. गाडी चालवताना ते कधीच फार बोलत नाहीत, पण आज ते चालवत नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्टिअरिंग पहिल्यांदाच माझ्या हातात होतं. आणि ते नुसते ऐकत होते.

पस्तीस हजारांचा निकाल

आमची जीप म्हणजे महिंद्राची सीजे थ्री-बी. उंच बॉनेट, उघडं तोंड, दार नावाची गोष्टच नाही. बाबा पाचगणीच्या एका शाळेत हिशेब बघायचे. वाई ते पाचगणी, पाचगणी ते वाई, तीस वर्षं, पावसाळ्यासकट, याच जीपने. मी शाळेत असताना मला तिची लाज वाटायची. कॉलेजमध्ये मैत्रिणींनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले, तेव्हा ती अचानक 'कूल' झाली. पण तिच्याखाली काय आहे, हे मी आयुष्यात कधी वाकून बघितलेलं नव्हतं.

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या मेकॅनिकने एक चक्कर मारली, उतरला आणि हात पुसत निकाल दिला, "गिअरबॉक्स गेलाय. मागच्या डिफरन्शियलचं पण काही खरं नाही. पस्तीस-चाळीस हजार धरून चाला."

घरी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "विकून टाकू."

त्यांना गिऱ्हाईकही आधीपासून होतं. पुण्यातला एक आयटीवाला मुलगा, ऑफरोडिंगची हौस असलेला. गिअरबॉक्सचं कळल्यावर त्याने फोनवर जो आकडा सांगितला, त्यात धड एक सेकंडहँड स्कूटर आली नसती. बाबांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. त्यांचं ते "बघतो" मी ओळखते. आजोबांची शेतजमीन विकायची ठरली तेव्हाही ते असंच म्हणाले होते. दोन आठवड्यांत व्यवहार झाला होता.

आमच्या पेशात एक साधा नियम आहे. एकाच माणसाने सांगितलं, तर ती बातमी नाही, ते एका माणसाचं म्हणणं. दुसरीकडून खात्री करायची. मग गिअरबॉक्स मेला, ही बातमी मी एकाच सोर्सवर कशी छापू देणार होते?

आधी ऐका, मग वाका

"बाबा, त्याने खाली वाकून बघितलं का हो?" मी विचारलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाही." मग थोडं थांबून, "मलाही आता वाकता येत नाही."

"मला येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेणवलीच्या रस्त्याला गाडी घेऊन गेलो. बाबांनी एकेक करून सगळं करायला लावलं. गाडी हळू चालव. काय ऐकू येतंय? चिमणीसारखी चूं-चूं-चूं. गिअर बदल. चूं-चूंची लय बदलली? नाही. स्पीड वाढव. आता? भराभर वाजतंय. आता न्यूट्रल टाक आणि गाडी तशीच जाऊ दे. इंजिन आपलं शांत गुरगुरत राहिलं, पण चिमणी काही थांबली नाही.

"म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही," बाबा म्हणाले. "कुठल्याही गिअरमध्ये आवाज फक्त चाकाच्या स्पीडने वाजतोय. म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या मागे आहे. पन्नासला फ्लोअर थरथरतो, पण स्टिअरिंग नाही. पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग गेलं असतं, तर आधी स्टिअरिंग हललं असतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस ती चिमणी किती दिवस ऐकत होता?

घरी अंगणात सपाट जागी गाडी लावली. चारही चाकांना पुढून-मागून दगड. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मी जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरले. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, काठी मांडीवर, एकदम क्रिकेट कॉमेंटेटरच्या थाटात.

गाडीखालचं जग आधी नुसतं काळं दिसतं. मग हळूहळू गोष्टी वेगळ्या होतात. गिअरबॉक्स, त्याला चिकटलेली ट्रान्सफर केस आणि तिथून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा, मनगटापेक्षा जाड असा पोकळ दांडा. तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा हमाल म्हणा ना. गंमत अशी, की गिअरबॉक्स चासीला घट्ट बसलेला असतो, पण मागचा ॲक्सल पाट्यांवर खाली-वर उड्या मारत असतो. मग सरळ दांडा तुटणार नाही का? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, कोनात वाकूनही फिरणारा. युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजच्या भाषेत नुसता 'क्रॉस', कारण आतला तुकडा अधिकच्या चिन्हासारखा असतो. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या आणि प्रत्येक वाटीत उभ्या लावलेल्या बारीक पोलादी सुया.

"एका हाताने ॲक्सलकडचा योक धर, दुसऱ्या हाताने शाफ्ट. आता ओली चादर पिळतात तसं उलट्या दिशांनी पीळ."

पिळलं. 'टक्.'

घाटातला तोच आवाज! फक्त आता तो माझ्या हातात होता.

"दोन्ही एकत्र हलतायत, की एकच हलतोय?" वरून प्रश्न आला.

प्रश्न महत्त्वाचा होता. शाफ्ट आणि योक दोघंही बरोबरच जरा फिरले, तर ती आतल्या गिअरच्या दातांमधली फट. ती थोडी असतेच. पण शाफ्ट हलला आणि योक जागेवर राहिला, तर खोट त्या सांध्यातच. आमचा शाफ्ट एकटाच हलत होता. केसभरच, पण हलत होता. आणि वाटीच्या कडेला गेरूसारखी लालसर पूड जमली होती. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, सुया गंजल्या आणि स्वतःलाच दळत बसल्या, त्याचं ते पीठ!

दुसऱ्या टोकाचा क्रॉस ढिला नव्हता, पण कोरडा ठाक होता. चिमणी बहुतेक तिथेच राहत होती.

त्या गॅरेजवाल्याला मी शिव्या देणार नाही. सीटवर बसून ऐकलं, तर तो 'टक्' खरंच गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो. शाफ्ट तिथेच जोडलेला आहे, आवाज लोखंडातून पुढे पळतो. तो फक्त वाकला नाही. मी तरी एवढी वर्षं कुठे वाकले होते?

पण खरी भीती मला नंतर वाटली. क्रॉस असाच झिजत राहिला, तर एके दिवशी तुटतो. शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटतो. आणि या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, त्याच शाफ्टवरच्या ड्रमला असतो. म्हणजे घाटात शाफ्ट गेला, की हँडब्रेकही गेला. मागच्या सीटवर डबा घेऊन आई. 'जुनी गाडी आहे' या उत्तराची किंमत एवढी असू शकते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाना पेठेत शॉपिंग

पुण्यात शॉपिंग म्हटलं की तुम्हाला मॉल आठवत असतील. मी सोमवारी नाना पेठेत गेले. तिथे गाडीचा कुठलाही पार्ट मिळतो असं म्हणतात. फक्त काय हवंय ते नीट सांगता आलं पाहिजे. पहिल्या दुकानात मी "जीपचा क्रॉस" म्हणाले, तर काउंटरवरच्या काकांनी एका दमात चार प्रश्न टाकले. कुठली जीप? पुढचा शाफ्ट की मागचा? लॉक आतून की बाहेरून? वाटीचा व्यास किती? मी गप्प.

"ताई, जुना काढून घेऊन या. नाहीतर माप आणा."

मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन गाडीखाली शिरले, हे मेकॅनिक मंडळींना सांगू नका, हसतील. शेवटी शेजारच्या वर्कशॉपवाल्याकडून व्हर्निअर मागून आणला. माप मिळालं, क्रॉस मिळाले. ग्रीस निपल असलेले दोन, सर्क्लिपसकट. दोन्हींचं बिल हजाराच्या आतबाहेर. पस्तीस हजार कुठे आणि हे कुठे!

बसमध्ये ते दोन छोटे खोके मांडीवर घेऊन मी वाचत बसले. या सांध्याला 'कार्डन जॉइंट' म्हणतात, ते सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञ-डॉक्टरच्या नावावरून. सतराव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट हूकने त्यावर काम केलं, म्हणून पुस्तकांत तो 'हूक्स जॉइंट'. आणि गाड्यांमध्ये तो नीट रुजला, तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन तरुणामुळे. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्याने गाडी बनवायला घेतली. तेव्हा इंजिनची ताकद चाकांना बऱ्याचदा साखळीने दिली जायची. त्याला ती करकर नको होती. १९०३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे विलीज जीपला शाफ्ट आणि ॲक्सल बसले ते स्पायसरचेच. आणि आपल्याकडे महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत विलीज जोडायला घेतली, ती परदेशातून सुट्या भागांची किट आणून. म्हणजे आमच्या जीपचं सगळं घराणंच किटवालं. सुटी करायची आणि जोडायची, हे तिच्या रक्तातच आहे!

नेलपेंट, गोट्या आणि हरवलेली सुई

पुढचा शनिवार. दगड पुन्हा चाकांना. शाफ्ट काढला की हँडब्रेक शोभेचा राहणार, म्हणून बाबांनी दगड स्वतः काठीने ठोकून बघितले. नटांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. उघडण्याआधी शाफ्ट आणि ॲक्सलचा योक यांच्यावर खूण करायची, म्हणजे बसवताना तसाच बसतो. खडू ग्रीसवर टिकेना. मी पर्समधून लाल नेलपेंट काढलं. बाबा बघतच राहिले, पण खूण झकास उठली.

दोन यू-बोल्ट, चार नट. पहिला नट सुटायला वीस मिनिटं गेली, बाकीचे पाचात सुटले. सुट्या झालेल्या दोन वाट्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर त्या पडतात आणि सुया अंगणभर. मग पुढच्या टोकाचे नट. शाफ्ट माझ्या पोटावर उतरला. एखाद्या धट्ट्याकट्ट्या बाळासारखा जड.

शेजारच्या वर्कशॉपमधल्या व्हाइसवर पुढचं काम. आधी सर्क्लिप काढायच्या. मग गोटी सेटमधल्या दोन गोट्या घ्यायच्या. वाटीपेक्षा लहान एक, ती ढकलणारी. वाटीपेक्षा मोठी दुसरी, पलीकडून येणारी वाटी पोटात घेणारी. व्हाइस आवळला की जुनी वाटी मोठ्या गोटीत सरकते. उलटं करून दुसरी. हातोडीने धडाधडा ठोकत बसायचं नाही, योक वाकतो.

जुना क्रॉस हातात आला तेव्हा बाबा म्हणाले, "टोकावरून नख फिरव." नखाला खाचा लागल्या. एकेका सुईने स्वतःचा ठसा उमटवला होता. जागच्या जागी किती वर्षं तेच ओझं घेतलं, की पोलादावरही वळ उठतात. ऑफिसच्या खुर्चीत नऊ तास बसणाऱ्यांनी यावर वेगळी चर्चा करायला हरकत नाही.

नवीन क्रॉस बसवताना तीन वाट्या मस्त गेल्या. चौथी अडली. आत जाता जाता थांबली, सर्क्लिपची खाच काही दिसेना. मी व्हाइस आणखी आवळणार, तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब! जोर लावू नकोस. सुई पडलीय."

वाटी बाहेर काढली. खरंच, एक सुई उभी राहायची सोडून वाटीच्या तळाशी आडवी झोपली होती. आणखी आवळलं असतं, तर सुईचा चुरा आणि वाटीचा सत्यानाश. ग्रीसचा ठिपका लावून तिला पुन्हा रांगेत उभं केलं. वाटी सुळकन गेली. सर्क्लिप टिचकी वाजवून बसली. मग ग्रीस गन. चारही टोकांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप करायचं. चारपैकी एका टोकातून आलं नाही, तर तिथे रस्ता बंद आहे असं समजायचं.

संध्याकाळी शाफ्ट गाडीखाली चढवला. नेलपेंटला नेलपेंट जुळलं. हात कोपरापर्यंत काळे, केसात ग्रीस. मी इतकी खूश, की तशीच सेल्फी काढून ऑफिसवाल्या मैत्रिणींना पाठवली.

आणि मग...

मेणवलीचा रस्ता. पहिला, दुसरा. 'टक्' गायब! चिमणी गायब! मी बाबांकडे बघून हसले. चाळीसला आले आणि सगळी गाडी थरथरायला लागली. आधीपेक्षा दुप्पट. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसती हलती रेघ.

खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं. दोन शनिवार-रविवार घातले, आणि गाडी आणखी बिघडवून ठेवली. त्या मुलाचा आकडाच बरोबर होता तर.

बाबा शांत. "शाफ्ट मधोमध सुटा केला होतास?"

केला होता. शाफ्टच्या मधे एक सरकता जोड असतो, आत दाते असलेला. ॲक्सल खाली-वर झाला की तो लांब-आखूड होतो. आतलं जुनं ग्रीस पुसायला मी तो ओढून वेगळा केला होता, आणि पुन्हा आत सरकवला होता. खूण? तिथे केली नव्हती.

"तिथे बाण असतात. रंगाखाली. घासून बघ."

रात्री टॉर्चच्या उजेडात पोलिस पेपरने घासलं. गंजाखालून एक बाण निघाला. जोडाच्या दुसऱ्या बाजूला दुसरा. दोघांची तोंडं वेगवेगळीकडे.

कारण इतकं सुंदर आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा तो ताकद एकसारखी देत नाही. एका फेऱ्यात दोनदा जरा पुढे पळतो, दोनदा जरा मागे रेंगाळतो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात, आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसवले, की पहिल्याने केलेली गडबड दुसरा बरोबर उलटी करून भरून काढतो. चाकांना कळतसुद्धा नाही. पण योक एकमेकांशी तिरके बसले, की हिशेब चुकतो, धक्के मिटत नाहीत. आणि साठच्या स्पीडला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांच्या पुढे-मागे फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला चार हजार धक्के!

रविवारी सकाळी बाणाला बाण लावला. अर्ध्या तासाचं काम.

पसरणी, पुन्हा

आई यायला तयार नव्हती. "आधी तुम्ही जाऊन या," म्हणाली, डबा मात्र दिला. पसरणीच्या पहिल्या वळणावर मी दुसरा टाकला आणि श्वास धरला.

काही नाही. नुसतं इंजिन आणि वारा.

बाबा डोळे मिटून बसले होते. वळणामागून वळण, खाली वाई लहान होत गेली, कृष्णेची रेघ दिसायला लागली. तीस वर्षं रोज बघितलेला घाट हा माणूस आता ऐकत होता. पाचगणीत शिरायच्या आधी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "उतरताना न्यूट्रल टाकायचं नाही हं कधी. घाटात गिअरमध्येच उतरायचं."

"माहितीये बाबा."

"आणि दर पावसाळ्यानंतर चारही निपलांना ग्रीस. हेच झालं नव्हतं. दोन वर्षं मी वाकलोच नाही."

तेव्हा कळलं, मेणवलीच्या रस्त्यावर त्यांनी सगळं इतक्या पटकन कसं ओळखलं. चिमणी त्यांना कधीपासून ऐकू येत होती. पण आवाज कुठला ते सांगितलं असतं, तर 'मला आता खाली जाता येत नाही' हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा गिअरबॉक्स गेला म्हणणं सोपं होतं. जुनी गाडी आहे म्हणणं सोपं होतं.

चहा घेता घेता त्यांनी त्या मुलाला फोन लावला. "नाही हो, विकायची नाही असं नाही. पण आत्ता नाही." पलीकडून त्याने बहुतेक गिअरबॉक्सचं विचारलं. बाबा म्हणाले, "गिअरबॉक्स चांगला आहे. मुलीने बघितलाय."

मी चहाच्या कपात बघत बसले. गिअरबॉक्स मी उघडलासुद्धा नव्हता. पण सोर्स भरवशाचा होता, म्हणून खंडन केलं नाही.

उतरताना बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "पुढच्या शाफ्टचे क्रॉस कधी बघतेस?"